भगवान दादांची स्टेप



गेल्या दिवाळीतली गोष्ट. विग्रम स्ट्रीटवर त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. हॅरिस पार्कात राहणाऱ्यांना किंवा दर शनिवारी इथे चाट खायला येणाऱ्यांना वेगळं वर्णन करून सांगायला नकोच. एका कोपऱ्यावर ढोल वाजत होता आणि पंजाबी पोरं जोरात भांगडा करत होती. तेवढ्यात गर्दीतून एक काका पुढे आले. वय सत्तरीच्या पुढचं, अंगात स्वेटर, पायात मुलाने घेऊन दिलेले असावेत असे पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. भांगडा काही त्यांना झेपणारा नव्हता. त्यांनी गुडघे किंचित वाकवले, दोन्ही हात कोपरात दुमडून हळूहळू वर-खाली करायला सुरुवात केली, खांदे सैल सोडले आणि चेहऱ्यावर एक भोळसट हसू आणलं. ढोल आपल्या गतीने वाजत होता, काका आपल्या! भोवतीच्या मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला.

आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, हे आजोबा कुठला डान्स करतायत?"

मी म्हटलं, "ही भगवानची स्टेप आहे."

"भगवान म्हणजे कुठला गॉड? गणपती?"

मी हसलो खरा, पण मग लक्षात आलं की याला सांगावं तरी काय? मलाही धड माहीत नव्हतं. माझ्यासाठी ती स्टेप म्हणजे माझे आजोबा. ते लालबागच्या एका गिरणीत होते. विसर्जनाच्या मिरवणुकीत एरवीचे अबोल आजोबा बँडसमोर अगदी अशशीच पावलं टाकायचे. 'अलबेला' आला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. तो सिनेमा आपण किती वेळा पाहिला याचा आकडा ते दर वर्षी थोडा वाढवून सांगत. तर मंडळी, त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हा लेख झाला. मी पेशाने कॉम्प्युटरवाला, इतिहासकार नव्हे. चुकभूल द्यावी घ्यावी.

गिरणी ते स्टुडिओ

भगवान आबाजी पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावतीचा. पालव हे आडनाव तळकोकणातलं, पण वाढले ते मुंबईत, गिरणगावाच्या आसपास. वडील गिरणी कामगार. भगवान यांनी स्वतःही काही काळ मजुरी केली. शाळेपेक्षा तालमीत आणि सिनेमाच्या थिएटरात जीव जास्त रमलेला. कुस्तीच्या नादाने कमावलेलं ठेंगणं, भरीव शरीर, गोल चेहरा. हिरो म्हणून कोणी बोलावेल असं रूप नव्हतंच.

मूकपटांचा जमाना संपत आला होता तेव्हा त्यांना छोटी कामं मिळू लागली. पण हा गडी नुसता कॅमेऱ्यासमोर उभा राहून घरी जाणारा नव्हता. कॅमेरा कुठे लावतात, फिल्म कशी जोडतात, पोशाख कुठून आणतात, मारामारीत माणूस खरोखर न लागता कसा पडतो, हे सगळं तो बघत राहिला. १९३० च्या दशकाच्या मध्यावर 'हिम्मत-ए-मर्दा' या बोलपटात त्यांनी काम केलं. त्यात ललिता पवारही होत्या. १९३८ साली चंद्रराव कदम यांच्याबरोबर 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला आणि तिथून पुढे दहा-अकरा वर्षं भगवान यांनी एकामागून एक स्टंटपट काढले.

स्टंटपट म्हणजे काय हे आपल्या पिढीला नीट कळणार नाही. मारामारी, पाठलाग, उंचावरून उड्या, मधे दोन विनोद, चार गाणी आणि शेवटी दुष्टाचं पारिपत्य. शहाण्यासुरत्या लोकांनी नाकं मुरडली, वर्तमानपत्रांनी फारशी दखल घेतली नाही. पण गिरणीचा भोंगा वाजल्यावर बाहेर पडणाऱ्या कामगाराला तोच सिनेमा हवा होता. स्वस्तातलं तिकीट आणि पडद्यावर आपल्यासारखाच दिसणारा, साधाभोळा पण कुणाला न घाबरणारा माणूस. भगवान बहुतेक वेळा तसल्याच भूमिका करत.

बजेट? एक आकडा नेहमी सांगितला जातो, ६५ हजार रुपये! त्यात अख्खा सिनेमा. म्हणजे दिग्दर्शनही तेच करणार, कपडे कसे असावेत हेही तेच ठरवणार आणि युनिटच्या जेवणाची सोयही तेच बघणार. आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंटपासून टेस्टिंगपर्यंत आणि वर कँटीनसुद्धा एकाच माणसाकडे.

१९४१ साली तर त्यांनी 'वनमोहिनी' नावाचा तमिळ सिनेमा दिग्दर्शित केला. एम. के. राधा आणि सिलोनची तवमणी देवी त्यात होते. भाषा परकी, प्रांत परका, तरी काम केलं आणि परत आले. कॉन्ट्रॅक्टवर परमुलखात जाऊन काम करणारे आपणच पहिले नव्हेत, मंडळी!

या तमिळ सिनेमाचं संगीत केलं होतं रामचंद्र नरहर चितळकर या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या तरुणाने. पुढे १९४२ मध्ये भगवान यांच्याच 'सुखी जीवन'मधून हा तरुण हिंदीत स्वतंत्र संगीतकार झाला. तेच आपले सी. रामचंद्र. पुढची सगळी कहाणी ऐकताना हे विसरू नका की हिंदी सिनेमाच्या एका फार मोठ्या संगीतकाराला पहिली संधी या 'हलक्याफुलक्या' स्टंटपटवाल्याने दिली.

त्या धांदलीच्या कामाची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागल्याचंही एक उदाहरण आहे. १९४२ च्याच सुमारास 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवान यांनी ललिता पवार यांना थप्पड मारण्याचा प्रसंग होता. ती खरोखरच जोरात बसली. चेहऱ्याच्या नसेला इजा झाली, बरीच वर्षं उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा अधू राहिला. नायिकेची कारकीर्द संपली. त्या बाई जिद्दीच्या म्हणून पुढे सासू, खाष्ट मालकीण, आणि दूरदर्शनच्या 'रामायण'मधली मंथरा अशा भूमिकांनी घराघरांत पोचल्या. पण भगवान दादांवर लिहिताना हे गाळणं मला बरोबर वाटत नाही.

मालक झाले

१९४२ मध्ये भगवान यांनी स्वतःची 'जागृती पिक्चर्स' काढली. याच वर्षी व्ही. शांताराम यांनी परळला 'राजकमल कलामंदिर' उभं केलं. शांतारामबापूंची सुरुवातही नटापासूनच झालेली, मग दिग्दर्शक, मग मालक. १९४७ साली भगवान यांनी चेंबूरला 'जागृती स्टुडिओ' उभारला आणि पुढच्याच वर्षी त्याच चेंबुरात राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ सुरू झाला. एका शहरात तीन नट-दिग्दर्शक-निर्माते, तिघांचेही स्वतःचे स्टुडिओ. हे चित्र डोळ्यासमोर ठेवा, पुढे लागणार आहे.

तोवर दिवस पालटले होते. पगारी नटांना घेऊन चालणारे जुने मोठे स्टुडिओ युद्धानंतर कोसळत होते. नट स्वतंत्र झाले, त्यांचे भाव वाढले, निर्माते वितरकांकडून आगाऊ रक्कम आणि सावकारांकडून चढ्या व्याजाने कर्ज काढून सिनेमे करू लागले. ६५ हजारांत स्टंटपट काढण्याचे दिवस सरत आले होते. १९४९ चा 'भेदी बंगला' हा भगवान यांचा रहस्यपट चालला, आणि असं सांगतात की राज कपूर यांनी त्यांना सल्ला दिला, आता एक सामाजिक सिनेमा काढ.

तो सिनेमा म्हणजे 'अलबेला', १९५१. निर्माता भगवान, दिग्दर्शक भगवान, नायक भगवान. नायिका गीता बाली, जी तेव्हा आघाडीची नटी होती. संगीत अर्थातच सी. रामचंद्र, आणि नायकाचा आवाजसुद्धा त्यांचाच. गायक म्हणून ते 'चितळकर' असं नाव लावत. गीतकार राजेंद्र कृष्ण.

एक गंमत सांगतो. 'अलबेला'त एका गाण्यात पडद्यावर जो बँड दिसतो तो खराखुरा आहे. ट्रम्पेट वाजवणारे आहेत चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याच्या हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा हा माणूस सी. रामचंद्रांचा सहायक होता. पुणतांब्याचा संगीतकार, हळदोण्याचा ट्रम्पेट, गिरणगावचा नाचा आणि पंजाबची गीता बाली. 'शोला जो भडके'मध्ये तर हवाईयन पोशाख आणि बोंगो! मल्टिकल्चरल हा शब्द आपण ऑस्ट्रेलियात येऊन शिकलो, पण हे लोक तो तेव्हाच जगत होते.

'अलबेला' धो धो चालला. त्या वर्षी राज कपूरचा 'आवारा'ही आला होता. त्यात 'अलबेला'ने आपली जागा मिळवली. लोक थिएटरात उठून नाचायचे, पडद्यावर चिल्लर फेकायचे असं आजोबा सांगत. आजोबांनी स्वतः किती आणे फेकले ते आजीसमोर कधीच कबूल केलं नाही.

आणि तो नाच. गीता बाली चपळ, विजेसारखी. तिच्या शेजारी हा ठेंगणा गडी जागचा हलतो न हलतो, नुसते हात आणि खांदे. मी सिनेमा पुन्हा बघताना मुद्दाम थांबवून थांबवून पाहिलं. यात न जमण्यासारखं काहीच नाही! गुडघे दुखणाऱ्याला जमेल, पोट सुटलेल्याला जमेल, आठ तास साच्यावर उभं राहून आलेल्याला जमेल. म्हणूनच ती स्टेप पडद्यावरून उतरून गणपतीच्या मिरवणुकीत गेली, लग्नाच्या वरातीत गेली. पुढे अमिताभ बच्चन, मिथुन, गोविंदा यांच्या नाचात तिची छाप दिसते असं अनेकांनी म्हटलंय.

उतार

'अलबेला'ने भगवान यांना काय दिलं? जुहूला समुद्रासमोर पंचवीस खोल्यांचा बंगला आणि सात गाड्या, आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी एक, असं सांगतात. मग तीच टीम घेऊन 'झमेला' काढला, १९५३ मध्ये. पण 'अलबेला' पुन्हा झाला नाही. १९५६ मध्ये किशोरकुमारला घेऊन 'भागम भाग' दिग्दर्शित केला. संगीत ओ. पी. नय्यर यांचं. पण गाडी जी घसरणीला लागली ती थांबली नाही. एकेक करत गाड्या गेल्या, बंगला गेला, स्टुडिओ हातातून गेला, आणि भगवान दादा दादरच्या चाळीत येऊन राहिले.

याच काळात ते दुसऱ्यांच्या सिनेमांत छोट्या भूमिका करत होते. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५), 'चोरी चोरी' (१९५६), 'गेटवे ऑफ इंडिया' (१९५७). पहिला सिनेमा कुणाचा? शांतारामबापूंच्या राजकमलचा. दुसऱ्याचा नायक कोण? राज कपूर. म्हणजे ज्या दोघांच्या बरोबरीने स्टुडिओ उभा केला, त्यांच्याच सिनेमांत आता नट म्हणून हजेरी. त्यानंतरची कितीतरी वर्षं लहानसहान कामांत गेली. पुष्कळदा तर एवढंच, की गर्दीत यायचं, ती प्रसिद्ध स्टेप करायची आणि निघून जायचं. चाळीत भेटायला जुन्या मित्रांपैकी सी. रामचंद्र, ओम प्रकाश आणि राजेंद्र कृष्ण येत राहिले असं सांगतात. बाकीचे आले नाहीत. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या राहत्या घरी, वयाच्या ८८ व्या वर्षी, हृदयविकाराने भगवान दादा गेले. २०१६ मध्ये शेखर सरतांडेल यांनी त्यांच्यावर 'एक अलबेला' हा मराठी सिनेमा काढला. मंगेश देसाई भगवान झाले आणि विद्या बालन गीता बाली.

चुकलं कुठे?

ही कहाणी आपल्याकडे नेहमी एकाच सुरात सांगितली जाते. पैसा आला, उधळला, गेला. सात गाड्यांची गोष्ट त्यासाठीच सांगितली जाते. मला ते पटत नाही. गाड्या विकून फार तर एखादा सिनेमा निघेल, स्टुडिओ बुडत नाही.

राज कपूरचंच बघा. 'मेरा नाम जोकर' १९७० मध्ये असा आपटला की स्टुडिओ गहाण पडला म्हणतात. पण १९७३ मध्ये 'बॉबी' आला आणि सगळं भरून निघालं. 'बॉबी'त राज कपूर नट म्हणून नव्हतेच! लेखक अब्बास, छायाचित्रकार राधू कर्माकर अशी वर्षानुवर्षांची माणसं पाठीशी होती आणि पुढे उभा करायला तरुण मुलगा होता. शांतारामबापूंनी तर 'प्रभात'मध्ये भागीदारांबरोबर धंद्याचे धडे आधी गिरवले होते. भगवान दादांकडे यातलं काय होतं? लेखन, दिग्दर्शन, निर्मिती, नायक, नाच, सगळं एकाच देहात. आम्ही याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. ६५ हजारांच्या सिनेमात हीच त्यांची ताकद होती, कारण एक पडला तरी दुसरा महिनाभरात उभा राहायचा. लाखांच्या सिनेमात तीच उणीव ठरली. चाळिशीतल्या चेहऱ्यावर कर्ज काढायचं, सिनेमा पडला की घर विकायचं. दुसरी बाजू सांभाळायला दुसरा माणूसच नाही.

हे मी एवढं पोटतिडकीने का लिहितोय? कारण गेल्या वर्षी आम्ही तिघा मित्रांनी स्वतःचं सॉफ्टवेअर काढायचं ठरवलं. विग्रम स्ट्रीटवरच्या एका हॉटेलात डोशावर मीटिंगा झाल्या. मी उत्साहात म्हणालो, आमच्या फ्लॅटवर कर्ज काढतो. बायको एवढंच म्हणाली, "आणि तू आजारी पडलास तर कोड कोण लिहिणार?" उत्तर नव्हतं. काम सुरू आहे, पण नोकरी सांभाळून, आणि घर त्यात घातलेलं नाही. शहाणपणाचं केलं असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटतं. पण रात्री कधी वाटतं, भगवान दादांनी असाच हिशेब केला असता तर 'अलबेला' निघालाच नसता. स्टंटपट काढत सुखाने म्हातारे झाले असते आणि आजोबांना नाचायला काही उरलं नसतं. याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

प्यारेलाल परत येतो

'अलबेला'ची गोष्ट मी लहानपणी नीट ऐकलीच नव्हती, फक्त गाणी पाहिली होती. या वेळी ऐकली. प्यारेलाल हा गरीब घरातला, नाटकाचं वेड डोक्यात घेतलेला मुलगा. बाप घराबाहेर काढतो. नाव आणि पैसा कमावूनच परत येईन म्हणून तो निघतो. मोठा नट होतो, घरी पैसे पाठवत राहतो. ते पैसे मधल्यामधे घरच्याच एका माणसाच्या हाती अडकतात. तो परत येतो तेव्हा आई गेलेली असते.

तो प्रसंग आला आणि मी लॅपटॉप बंद केला. माझे आजोबा २०२१ मध्ये गेले. ऑस्ट्रेलियाच्या सीमा तेव्हा बंद होत्या. माझे पैसे पोचत होते, अगदी दोन दिवसांत, हॉस्पिटलचं बिल मी इथूनच ऑनलाइन भरलं. मी पोचलो नाही. अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिला. आपल्या मंडळात असं झालेलं माझं एकच घर नाही, हे मला ठाऊक आहे. आजोबांनी इतक्या वेळा पाहिलेला सिनेमा याच गोष्टीचा होता, आणि ते मला फक्त नाच दाखवत राहिले.

आता हॅरिस पार्काबद्दल एक. इथल्या एक्स्पेरिमेंट फार्मची जमीन जेम्स रूस या सुटून आलेल्या कैद्याने कसली आणि या मातीत एक कुटुंब आपल्या पोटापुरतं पिकवू शकतं हे दाखवून दिलं. १७९३ मध्ये त्याने ती जॉन हॅरिस नावाच्या डॉक्टरला विकली. उपनगराला नाव मिळालं विकत घेणाऱ्याचं. राबणाऱ्याचं नाव मात्र आपल्या सगळ्या आईबापांना पाठ आहे, कारण जेम्स रूस शाळेच्या प्रवेशपरीक्षेसाठी आपण पोरांना क्लासला पिटाळतो! जमीन कुणाच्या नावावर गेली आणि नाव कुणाचं राहिलं, याचा हिशेब असा वाकडातिकडा असतो. जागृती स्टुडिओ उरला नाही. आर. के. स्टुडिओसुद्धा २०१७ ला आगीत सापडला आणि २०१९ ला विकला गेला. स्टेप मात्र भगवान दादांनी कधी कुणाला विकली नव्हती, कुणी जप्तही करू शकलं नाही.

लेख लिहून झाल्यावर चिरंजीवांना विचारलं, "आता कळलं का भगवान कोण?"

तो म्हणाला, "हो. पणजोबांचा हिरो." आणि हात दुमडून करून दाखवली. जरा घाई करतोय, खांदे अजून सैल सुटत नाहीत. पण येईल. यंदाच्या दिवाळीत विग्रम स्ट्रीटवर ते स्वेटरवाले काका पुन्हा दिसले तर त्यांच्या शेजारी आम्ही दोघं असू. तुम्हीही या, गुडघ्यांची काळजी करू नका.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!